ब्रुमादिन्यो : शोध थांबवायचा कधी?

२५ जानेवारी २०१९, शुक्रवार, दुपारचे १२ वाजून २८ मिनिटे. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात, राजधानी बेलो ओरिझोंतेपासून साधारण साठ किलोमीटरवर ब्रुमादिन्यो नावाचे गाव आहे. तिथल्या व्हाले कंपनीच्या लोहखनिजाच्या खाणीतला ‘बांध क्रमांक १’ फुटला. या बांधामागे पाणी नव्हते. खनिज धुऊन उरलेला गाळ साठवण्यासाठी तो १९७६ पासून पायरीपायरीने चढवत नेला होता, आणि प्रत्येक नवी पायरी आधीच्या गाळाच्याच पाठीवर बसवलेली होती. उंची ८६ मीटर, माथा ७२० मीटर लांब. २०१६ नंतर त्यात नवा गाळ टाकणे बंद झाले होते. चारच महिन्यांपूर्वी, सप्टेंबर २०१८ मध्ये, जर्मनीच्या ट्यूव्ह स्यूड कंपनीच्या ब्राझीलमधल्या शाखेने तो स्थिर असल्याचा दाखला दिला होता. पुण्याच्या कारखानदारांना हे नाव चांगले ओळखीचे आहे.

पुढे तज्ज्ञ समितीने निष्कर्ष काढला की वरून घट्ट दिसणारा गाळ आतून पाण्याने भरलेला होता. तो आधीपासून कणाकणाने सरकत होता, वर पावसाची भर पडली, आणि पूर्ण दर्शनी भिंत दहा सेकंदांच्या आत ढासळली. पाच मिनिटांत जवळपास ९७ लाख घनमीटर गाळ बाहेर पडला. बांधाच्या थेट खाली खाणीची कार्यालये आणि कॅन्टीन होते, आणि वेळ जेवणाची होती. भोंगे वाजलेच नाहीत.

२७० माणसे गेली. मृतांपैकी दोघी गरोदर होत्या, म्हणून नातेवाईक आजही २७२ म्हणतात.

बांध का फुटला यावर भरपूर लिहिले गेले आहे. मला या प्रकरणात रस आहे तो नंतरच्या कामामुळे. गाळात उतरलेले अग्निशमन दल लष्करी धाटणीचे होते, आणि त्याने शोध थांबवायला नकार दिला. आठवडे झाले, महिने झाले, वर्षे झाली. लष्करी शिस्तीचे गोडवे एरवी गायले जातात ते धावून जाण्यासाठी. इथे ती कामी आली टिकून राहण्यासाठी, आणि तिची किंमत कोणी मोजली हेही याच प्रकरणात दिसते.

गणवेशातली फायर ब्रिगेड

आपल्याकडे फायर ब्रिगेड म्हटले की महापालिका डोळ्यांसमोर येते. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे नगरपालिकांचे काम म्हणून नोंदलेले आहे. मुंबईचे दल महापालिकेचे, पुण्याचे महापालिकेचे. पोलीस राज्याचे. आणि मोठी आपत्ती आली की केंद्राचे एनडीआरएफ येते, ज्याचे जवान निमलष्करी दलांतून घेतलेले असतात. म्हणजे तीन वेगवेगळी घरे.

ब्राझीलच्या १९८८ च्या संविधानातले कलम १४४ सार्वजनिक सुरक्षेची यंत्रणा कोणाकोणाची बनलेली आहे ते सांगते. केंद्रीय पोलीस, महामार्ग पोलीस, तपास करणारे राज्याचे सिव्हिल पोलीस, रस्त्यावर बंदोबस्त ठेवणारे मिलिटरी पोलीस, आणि याच यादीत मिलिटरी अग्निशमन दले. नागरी संरक्षणाची प्रत्यक्ष कामे या दलांनी करायची. ती राज्याच्या गव्हर्नरच्या हुकुमाखाली असतात, पण त्याच वेळी देशाच्या सैन्याची राखीव फौजही असतात. जवानाचा दर्जा ‘राज्याचा लष्करी सेवक’ असा आहे. शिपाई, नाईक, सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, कर्नल अशी हुद्द्यांची उतरंड. संप करायला बंदी. बेशिस्त झाली तर लष्करी कायदा.

याची मुळे जुनी आहेत. सम्राट दुसरा पेद्रो याने २ जुलै १८५६ रोजी रिओत पहिले दल उभे केले. २ जुलै हा ब्राझीलमध्ये आजही अग्निशमन दिन असतो. पुढे बहुतेक राज्यांत ही दले मिलिटरी पोलिसांच्या पंखाखाली गेली आणि विसाव्या शतकाच्या शेवटी एकेक करून वेगळी झाली. मिनास जेराइसचे दल १९११ चे, ते १९९९ मध्ये पोलिसांपासून स्वतंत्र झाले. साओ पाउलोत ते पोलिसांचाच एक भाग राहिले. आणि सगळा देश लष्करीच आहे असेही नाही. सांता कातारिना राज्यातल्या जोइनव्हिले शहरात १८९२ पासून स्वयंसेवकांचे दल आहे आणि ते उत्तम चालते. ‘गणवेशाशिवाय हे जमणारच नाही’ असे म्हणणाऱ्यांना तिथे एकदा पाठवायला हवे.

जून २०१८ मध्ये, म्हणजे बांध फुटण्याच्या सात महिने आधी, केंद्राने कायदा क्रमांक १३६७५ करून या सगळ्या दलांना ‘एकीकृत सार्वजनिक सुरक्षा प्रणाली’त गुंफले. माहितीची देवाणघेवाण, एकत्र प्रशिक्षण, राज्याराज्यांत मदत असा त्याचा हेतू. कागदावर सगळे छान होते. प्रत्यक्षात १ जानेवारी २०१९ ला देशात नवा राष्ट्राध्यक्ष आला, मिनासमध्ये नवा गव्हर्नर आला, आणि दोघांनाही पंचविसाव्या दिवशी ब्रुमादिन्यो भेटले.

मिनास क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट आहे आणि त्यात ८५३ नगरपालिका आहेत. दलाचे जवान सहा हजारांच्या आसपास. बहुतेक नगरपालिकांत अग्निशमन केंद्रच नाही. राज्याच्या तिजोरीची अवस्था अशी की पगार हप्त्यांनी निघत होते आणि २०१८ चा तेरावा पगार, जो तिथे कायद्याने मिळतो, तो थकलेला होता. गाळात उतरलेल्या जवानांच्या खात्यावर तो जमा झालेला नव्हता, ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात बाहेर आली आणि लोक भडकले. लष्करी सेवकाला तक्रार करायला जागा कमी असते. ती त्यांच्या वतीने जनतेने केली.

पहिले दोन दिवस

१९३ हा अग्निशमन दलाचा नंबर. त्यावर वर्दी आली आणि बेलो ओरिझोंतेहून हेलिकॉप्टर निघाली. रस्त्याने फारसा उपयोग नव्हता, कारण गाळ वाटेतला रेल्वेचा पूल, एक पर्यटक निवास, घरे, शेते घेऊन पाराओपेबा नदीपर्यंत गेला होता.

पहिल्या दिवसाचे एक दृश्य टीव्हीवर थेट दिसले आणि ब्राझीलभर लोकांच्या लक्षात राहिले. गाळात छातीपर्यंत रुतलेली एक तरुणी, आणि तिच्या डोक्यापासून काही हातांवर तरंगणारे हेलिकॉप्टर. ते चालवत होत्या मेजर कार्ला लेसा, ब्राझीलच्या अग्निशमन दलांत हेलिकॉप्टरची कमान सांभाळणारी पहिली स्त्री. उतरायला जमीन नव्हती. गाळावर टेकवले तर यंत्र रुतणार, जास्त खाली आणले तर पंख्याच्या वाऱ्याने तीच बुडणार, वर राहिले तर सोबत्यांचे हात पोचणार नाहीत. म्हणून ते एका उंचीवर धरून ठेवायचे, आणि आतल्या माणसांचे वजन एका बाजूला झुकले की तेवढे सावरून घ्यायचे. मिनिटे जातात, गाळ सोडत नाही, आणि शेवटी ती सुटते. पाहताना आपलेच हात आवळले जातात.

अशा सुटका पहिल्या दिवशीच जास्त झाल्या. कडेला अडकलेले, छपरांवर चढलेले, रस्ता तुटल्याने कोंडलेले मिळून १९२ जणांना बाहेर काढल्याची नोंद आहे. पण जे मुख्य लोंढ्यात सापडले त्यांच्यातले जवळजवळ कोणीच वाचले नाही. बहुधा फक्त मृतदेहच हाती लागतील, असे गव्हर्नर रोमेउ झेमा यांनी पहिल्याच दिवशी बोलून दाखवले. त्यावर टीका झाली, पण दुर्दैवाने ते खरे निघाले.

तिसऱ्या दिवशी, रविवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास, भोंगे वाजले. या वेळी खरोखर. शेजारच्या पाण्याच्या बांधाची पातळी धोक्याची दिसत होती. शोध थांबवून जवानांना उंचावर नेले, हजारो गावकऱ्यांना हलवायला घेतले, आणि दुपारी धोका टळल्यावर लोक पुन्हा गाळात उतरले. ज्या भोंग्यांनी शुक्रवारी दगा दिला ते रविवारी वाजल्यावर गावकऱ्यांचे काय झाले असेल याची कल्पना करता येते.

तळ कोर्रेगो दो फेइजांव या वस्तीत पडला. तिथले छोटे चर्च दलाचे ठाणे झाले, शेजारचे फुटबॉलचे मैदान हेलिपॅड झाले. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक संस्थेला एकाच हुकुमाखाली घ्यायचे ठरले: जागा शोधणे आणि काढणे अग्निशमन दलाकडे, हद्दीची राखण मिलिटरी पोलिसांकडे, ओळख पटवणे सिव्हिल पोलिसांच्या न्यायवैद्यक संस्थेकडे, स्थलांतर आणि मदत राज्याच्या नागरी संरक्षण विभागाकडे. इतर राज्यांची दले श्वानपथके घेऊन आली. हे सगळे आधीपासून एकाच सुरक्षा यंत्रणेतले, हुद्द्यांची भाषा एकच, कोण कोणाला विचारणार हे ठरलेले. त्यामुळे ‘इथला साहेब कोण’ या प्रश्नावर जो वेळ आपल्याकडे पहिल्या दिवशी जातो, तो तिथे फारसा गेला नाही. माझ्या मते लष्करी धाटणीचा पहिल्या आठवड्यातला खरा फायदा एवढाच.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे पत्रकारांसमोर एकच माणूस. लेफ्टनंट पेद्रो आयहारा, वय जेमतेम पंचविशीचे, रोज ठरल्या वेळी उभे राहायचे आणि आकडे सांगायचे: किती सापडले, किती ओळखले, किती बाकी. नातेवाइकांना आधी, कॅमेऱ्याला नंतर. आयहारा २०२२ मध्ये केंद्रीय संसदेवर निवडून गेले. गणवेशाने कमावलेली पत राजकारणात खर्ची पडावी का, हा वेगळा वाद आहे.

इस्रायलचे पथक

२७ जानेवारीच्या रात्री इस्रायलचे सुमारे १३० जणांचे लष्करी पथक विमानाने उतरले. दोन्ही देशांच्या नेत्यांची नुकतीच दोस्ती झाली होती, त्यामुळे छायाचित्रे भरपूर निघाली. पथकाकडची उपकरणे ढिगाऱ्याखालचा जिवंत माणूस हुडकण्यात तरबेज होती. मिनासच्या दलातल्या एका लेफ्टनंट कर्नलने उघडपणे सांगितले की उष्णता टिपणाऱ्या उपकरणाचा इथे उपयोग नाही, कारण गाळाखालचे देह गार पडले आहेत. थोडी तू-तू मैं-मैं झाली, मग सारवासारव झाली, आणि ३१ जानेवारीला पथक परत गेले.

यात इस्रायलींची चूक नव्हती. जगभरची आंतरराष्ट्रीय शोधपथके याच मापाने बनलेली असतात: भूकंप, कोसळलेली इमारत, आतल्या पोकळीत श्वास घेणारे कोणी, आणि हातात चार-सहा दिवस. तो काळ संपला की त्यांचे काम संपते. लोहखनिजाचा गाळ पोकळी ठेवत नाही. ब्रुमादिन्योत सुटकेचे काम दोन दिवसांत संपले होते, आणि जे उरले होते त्यासाठी कुठल्याच देशाकडे तयार पथक नव्हते.

गाळात माणूस शोधायचा कसा

मिनासच्या दलाला थोडा पूर्वानुभव होता. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी त्याच राज्यात, मारियानाजवळ, सामार्को कंपनीचा फुंदांव बांध फुटला होता. सामार्कोची अर्धी मालकी व्हालेचीच. तिथे १९ जण गेले, एकाचा देह कधीच मिळाला नाही. ब्रुमादिन्योत आकडा त्याच्या चौदा पट होता.

पहिल्या दिवसांत गाळ इतका पातळ होता की माणूस उभा राहिला तर कमरेपर्यंत जायचा. जवान पोटावर झोपून, हाताखाली फळी धरून, सरपटत पुढे जायचे. एकाने हातभर पुढे काठी खुपसायची, दुसऱ्याने दोर धरायचा. संध्याकाळी परतल्यावर माणूस कोण आणि गाळ कोण हे कळत नसे. नळीने धुऊन काढल्याशिवाय तंबूत घेत नसत.

मग गाळ वाळू लागला आणि दुसरीच अडचण आली. लोहखनिजाचा गाळ जड असतो. त्याने इमारती उचलून नेल्या होत्या, आगगाडीचे डबे आणि इंजिने फेकली होती, बसगाड्या चिरडल्या होत्या. माणूस शेवटचा जिथे दिसला तिथे तो नव्हता. कॅन्टीनमध्ये बसलेला माणूस कॅन्टीनच्या पायाजवळ सापडत नव्हता. त्याचे ताट एका ठिकाणी, छपराचा पत्रा दुसऱ्या, तो स्वतः तिसऱ्याच. म्हणून दलाने माणसांसोबत वस्तूंचाही नकाशा मांडायला घेतला. कोणाचे वाहन कुठे मिळाले, कोणत्या खोलीतले कपाट कुठवर गेले, मोबाइलने शेवटचा सिग्नल कुठून दिला, सोबत जेवायला बसलेल्यांपैकी कोण कुठे निघाले. त्यावरून लोंढ्याच्या धारा आखल्या आणि गाळाखाली गेलेल्या अडीचशे हेक्टरांहून जास्त क्षेत्राचे तुकडे पाडून क्रम लावला. वाचायला हे कोरडे वाटते. पण चौथ्या महिन्यातही माणसे सापडत राहिली ती या नकाशामुळे. जवान बदलत होते, अधिकारी बदलत होते, नकाशा तोच राहिला आणि भरत गेला.

पोकलेन आल्या तेव्हाचा नियम मला फार आवडतो. प्रत्येक पोकलेनजवळ एक जवान उभा. त्याचे काम एकच: बादलीत काय येते ते पाहणे. चालक एक बादली भरतो, हळू पसरतो, जवान हात वर करतो किंवा करत नाही. कापडाचा तुकडा, बूट, हाड दिसले की यंत्र बंद आणि पुढचे हाताने. पावसाळ्यात, म्हणजे तिथल्या नोव्हेंबर ते मार्चमध्ये, गाळ पुन्हा लापशीसारखा व्हायचा. मग तो उपसून वाळत घालायचा, पातळ थरात पसरायचा आणि कुत्र्यांना त्यावर फिरवायचे. अखेरच्या टप्प्यात गाळ चाळण्या आणि सरकत्या पट्ट्यांच्या यंत्रांवर चढवला जाऊ लागला आणि पट्ट्यापाशी जवान नजर लावून उभे राहू लागले. उभा बांध पाच मिनिटांत रिता झाला होता; तो आता चाळणीतून पुन्हा मोजला जात होता.

बरेचदा पूर्ण देह मिळत नसे, मिळायचे ते तुकडे. एकाच माणसाचे अवशेष वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या तुकड्यांत. बोटांचे ठसे, दात, डीएनए या मार्गांनी ओळख पटवताना न्यायवैद्यक संस्थेवर जो ताण आला त्याची चर्चा कमी होते. दहा तुकडे प्रयोगशाळेत जायचे आणि दहाही आधीच ओळखलेल्या माणसांचे निघायचे. शोधणाऱ्याला तो दिवस यशाचा वाटलेला असायचा.

वर्षभर एकही नाव नाही

आकडे पाहा. जानेवारी २०१९ संपताना मृतांचा आकडा ११० होता. एक महिना पूर्ण झाला तेव्हा १७९. वर्ष पूर्ण झाले तेव्हा २५९ जणांची ओळख पटलेली होती आणि ११ बेपत्ता होते. दोन वर्षे पूर्ण झाली तेव्हा? २५९ आणि ११. अख्ख्या २०२० मध्ये यादी हललीच नाही. मार्च ते ऑगस्ट कोरोनामुळे शोध बंद होता हे खरे, पण उरलेले महिनेही कोरडे गेले.

व्यवस्थापनाच्या कुठल्याही हिशेबाने काम इथे बंद व्हायला हवे होते. खर्च चालू, जवान अडकलेले, हाती काही नाही. २०२१ मध्ये मार्चपासून दोन महिने कोरोनाने पुन्हा शोध थांबवला, आणि मे महिन्यात दल पुन्हा आले. त्या वर्षी पाच जणांची ओळख पटली. जानेवारी २०२२ मध्ये बेपत्ता सहा होते, वर्ष संपताना तीन. पुढे २०२५ मध्ये त्यातल्या आणखी एकीची ओळख पटल्याचे जाहीर झाले.

हा निर्णय कोणाचा? दलाने पहिल्या महिन्यातच जाहीर केले होते की शेवटचा माणूस सापडेपर्यंत किंवा शोधणे शास्त्रीयदृष्ट्या अशक्य होईपर्यंत थांबणार नाही. असा शब्द राजकारणीही देतात. फरक असा की हुद्द्यांच्या संस्थेत शब्द माणसाचा राहत नाही, तो पदाचा होतो. कर्नल निवृत्त झाला तरी पुढच्या कर्नलला तो आदेश म्हणून वारशात मिळतो. ठरावीक दिवसांनी तुकडी बदलते, येणारी तुकडी जाणारीकडून नोंदवही घेते, आणि ज्या जवानाने पहिला दिवस पाहिलेलाच नाही तोही त्याच चौकोनात त्याच पद्धतीने उभा राहतो. उत्साह दोन आठवड्यांत ओसरतो. पाळी ओसरत नाही.

पण एवढ्यावर थांबलो तर अर्धेच सांगितले असे होईल. नातेवाइकांची संघटना सतत मागे उभी होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये व्हालेचे तेव्हाचे अध्यक्ष संसदेत आपल्या कंपनीला ‘ब्राझीलचे रत्न’ म्हणाले, त्यावर नातेवाइकांनी ते नाव उचलून आपल्या गेलेल्या माणसांना दिले, आणि जवानही बेपत्तांना ‘रत्ने’ म्हणू लागले. आणि तितकेच महत्त्वाचे: पोकलेन, चाळण्या, डिझेल, उपसा यांचा भार व्हालेवर होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने राज्याशी ३७.६८ अब्ज रेआइसचा (रेआइस हे ब्राझीलचे चलन) करार केला. खिसा भरलेला दोषी समोर असताना शोध सहा वर्षे चालवता येतो. डोंगर पावसाने कोसळला तर बिल कोणाच्या नावे फाडायचे?

इर्शाळवाडीचा प्रश्न

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाला इर्शाळवाडी आठवल्याशिवाय राहणार नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातली ती वाडी दरडीखाली गेली. एनडीआरएफचे जवान, ट्रेकर, स्थानिक पोरे पावसात चढून गेले. यंत्र वर नेता येत नव्हते, कुदळ-फावड्यांनी खणले. २७ मृतदेह मिळाले. २३ जुलैला शोध थांबवला गेला तेव्हा ५७ जण बेपत्ता होते.

दोन्हींची तुलना सरळ करता येत नाही, आणि करूही नये. तिकडे सपाट खोरे, यंत्रांना रस्ता, पैसा आणि वाळू शकणारा गाळ. इकडे उभा डोंगर, धो धो पाऊस, पुन्हा दरड कोसळण्याची भीती, कुजणाऱ्या देहांमुळे रोगराईचा धोका. चौथ्या-पाचव्या दिवशी थांबण्याचा निर्णय वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, जमीन घट्ट झाल्यावर पुन्हा येऊन शोधायचे का, हा प्रश्न कोणाच्या टेबलावर जायला हवा होता? एनडीआरएफचे काम जिवंतांचे. ते परत गेले. महसूल खात्याचे काम पंचनामा, मदत आणि पुनर्वसनाचे. महापालिकांची दले मदतीला आली, पण ती वाडी त्यांच्या हद्दीतली नव्हती. देह शोधण्याची जबाबदारी वर्षभर अंगावर बाळगील असे खाते आपल्या रचनेत नाही. ब्राझीलमध्ये ते होते, आणि ते सुरक्षा यंत्रणेचा भाग असल्यामुळे त्याला कोणी ‘तुमचे काम संपले’ म्हणू शकले नाही.

शिस्तीची दुसरी बाजू

ज्या शिस्तीने जवान वर्षानुवर्षे गाळात उभा राहिला, तीच शिस्त त्याला तोंड बंद ठेवायलाही लावते. २०११ मध्ये रिओच्या अग्निशमन जवानांनी ९५० रेआइसच्या आसपासच्या मूळ पगाराविरुद्ध आंदोलन केले, ३ जूनच्या रात्री आपल्याच मुख्यालयात ठाण मांडले. सरकारने पोलिसांचे खास पथक आत घुसवले आणि ४३९ जणांना अटक केली. एरवी आगीतून लोकांना काढणारे लोक कोठडीत, त्यांच्या बायका-मुले फाटकाबाहेर, आणि रिओच्या रस्त्यांवर गाड्यांना पाठिंब्याच्या लाल फिती. शेवटी संसदेला माफीचा कायदा करावा लागला. नगरपालिकेचे कर्मचारी असते तर हे प्रकरण लष्करी कायद्याखाली गेले नसते.

ब्रुमादिन्योत आरोग्याचा प्रश्न होता. गाळात लोह, अॅल्युमिनियम आणि इतर धातू होते. पहिल्या आठवड्यांतल्या तपासण्यांत काही जवानांच्या शरीरात धातूंचे प्रमाण वाढलेले आढळले. त्वचेचे त्रास, ताप, झोप उडणे हे वेगळे. दलाने तपासण्यांचा आणि मानसोपचाराचा कार्यक्रम आखला, ही जमेची बाजू. पण गाळात जायला नाही म्हणायचा हक्क लष्करी सेवकाला व्यवहारात नसतो, आणि वीस वर्षांनी एखाद्याचे मूत्रपिंड बिघडले तर त्याचा ब्रुमादिन्योशी संबंध सिद्ध करायचे ओझे कोणावर, हे आजच ठरवून ठेवायला हवे.

आणखी एक उणीव रचनेतलीच. संविधानाने या दलाला सुरक्षेच्या यादीत बसवले, आग लागण्याआधी इमारती तपासायचा अधिकारही राज्यांनी त्याला दिला, पण बांधाची तपासणी त्याच्या हाती नव्हती. ती केंद्राच्या खाण संस्थेकडे, आणि तीही मुख्यतः कंपनीने स्वतः नेमलेल्या तपासनिसाच्या दाखल्यावर चालणारी. बांधाच्या सुरक्षेचा गुणांक किमान १.३ असावा अशी शिफारस असताना १.०९ वर दाखला निघाला. कॅन्टीन बांधाच्या पायथ्याशी का, हे विचारायला कोणताही मेजर कधी तिथे गेला नव्हता, कारण त्याला विचारायचा अधिकारच नव्हता. त्याला बोलावले गेले ते १२ वाजून २८ मिनिटांनंतर.

एकत्रित यंत्रणेचा उपयोग मात्र पुढे झाला. मार्च २०१९ मध्ये इदाई वादळाने मोझांबिक झोडपले तेव्हा ब्राझीलने पाठवलेल्या पथकात मिनासचे जवान होते, त्यांतले काही थेट ब्रुमादिन्योचा गाळ धुऊन निघालेले. गाळात शोध घेण्याची ही पद्धत इतर राज्यांतली दले शिकायला आली.

पगाराचे पुढे काय झाले? २०२० च्या सुरुवातीला गव्हर्नर झेमा यांनी सुरक्षा सेवकांना, अग्निशमन जवान धरून, तीन हप्त्यांत एकूण ४१.७ टक्के वाढ देण्याचा प्रस्ताव विधिमंडळात आणला. तो मंजूर झाला. मग पहिल्या १३ टक्क्यांवर सही झाली आणि पुढच्या दोन हप्त्यांवर गव्हर्नरांनीच नकाराधिकार वापरला. २१ फेब्रुवारी २०२२ रोजी मिनासचे पोलीस आणि अग्निशमन जवान, सेवेतले आणि निवृत्त, तेच उरलेले टक्के मागत बेलो ओरिझोंतेच्या रस्त्यावर उतरले. त्या दिवशी ब्रुमादिन्योत बेपत्तांची यादी सहावर होती.